स्मार्टफोनला बिचकणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी: एका वेळी एकच काम

सातबारा, पीक पाहणी, किसान सन्मानचा हप्ता, पेन्शनीचा हयातीचा दाखला, गॅसची नोंदणी आणि बँकेतली बाकी ही सारी कामे गेल्या काही वर्षांत हळूहळू मोबाइलवर आली, आणि ज्यांनी आयुष्यभर ती तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर किंवा बँकेच्या खिडकीपाशी उभे राहून केली, त्यांच्या हाती मुलाने दिवाळीला आणलेला स्मार्टफोन आला. रावेर, चोपडा, पारोळा, साक्री, शहादा, कुठल्याही तालुक्यात जा, साठी उलटलेली बरीच मंडळी हा फोन खिशात बाळगतात, पण आलेला फोन उचलणे आणि ठेवणे यापलीकडे जात नाहीत. मुलगा पुण्याला नाहीतर सुरतेला असतो, नातू घरात असला तरी त्याला घाई असते, आणि मग पाच मिनिटांच्या कामासाठी सेवा केंद्रावर अर्धा दिवस मोडतो. हा लेख अशा मंडळींसाठी आहे आणि त्यांना शिकवायला बसणाऱ्यांसाठीही आहे.

पहिली गोष्ट भीतीची. चुकून भलते बटण दाबले गेले आणि खाते रिकामे झाले तर काय, हा प्रश्न जवळपास प्रत्येकाच्या मनात असतो आणि तो मुळीच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर असे की, यूपीआयच्या, म्हणजे मोबाइलवरून बँकेतले पैसे देण्या-घेण्याच्या, ॲपमध्ये इकडे-तिकडे बोट लागल्याने खात्यातून पैसे जात नाहीत. रक्कम टाकून, पुढे जाऊन, शेवटी आपला गुप्त पिन टाकेपर्यंत व्यवहार पूर्ण होत नाही. अगदी लहान रकमांसाठी पिनशिवाय चालणारी ‘लाइट’ नावाची सोय असते, पण ती आपण होऊन सुरू करावी लागते. ती सुरू करू नका, म्हणजे प्रत्येक रुपयावर पिनचे कुलूप राहील. त्यामुळे पिनचा पडदा येईपर्यंत निर्धास्तपणे चुका, आणि गोंधळ वाटला की मागे जाण्याचे बटण दाबत पहिल्या पडद्यावर या.

सुरुवात कोणत्या कामाने करावी

फोन ‘पूर्ण’ शिकण्याच्या नादी कोणी लागू नये. आपल्याला आठवड्यातून दोन-चारदा लागते असे एक काम निवडावे आणि ते कोणाच्या मदतीशिवाय जमेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये. बरेच लोक उलटे करतात: वर्षातून एकदा लागणाऱ्या सरकारी ॲपने सुरुवात करतात, कसेबसे काम उरकतात, आणि पुढच्या वर्षी पाटी पुन्हा कोरी असते. केळीवाल्याला रोजचा भाव हवा असतो आणि रावेर-बऱ्हाणपूरचे भाव आता व्हॉट्सॲपच्या गटांवर येतात, तेव्हा त्याने व्हॉट्सॲप उघडून भाव वाचणे आणि सुरतेच्या मुलाला बोलून निरोप पाठवणे इथून आरंभ करावा. किराणा दुकानदाराने पैसे घेण्यापासून करावा. कोणत्याही कामात हात वळण्यासाठी तेच तेच करावे लागते, आणि तेच तेच करण्यासाठी ते काम रोजचे असावे लागते, एवढाच त्यामागचा हिशेब.

टाइप करणे हा व्हॉट्सॲपमधला सर्वांत मोठा अडथळा वाटतो, पण तो टाळता येतो. लिहिण्याच्या पट्टीशेजारचे माइकचे चित्र दाबून धरले की आपला आवाजच निरोप म्हणून जातो. हा निरोप अहिराणीत दिला तरी चालतो, कारण तो ऐकणारा माणूस असतो. कीबोर्डवरचा माइक मात्र वेगळा आहे. तो आपले बोलणे अक्षरांत उतरवतो, आणि तिथे अहिराणी बोलल्यास भलतेच शब्द उमटतात, म्हणून तो वापरताना पुस्तकी मराठीत, सावकाश बोलावे.

फोन आपल्या हाताजोगा करून घेणे

नवा फोन तरुणांच्या डोळ्यांसाठी आणि तरुणांच्या बोटांसाठी लावलेला असतो. तो एकदा कोणाकडून तरी नीट बसवून घ्या. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा मराठी करावी, अक्षरे मोठी करावीत, आणि पडदा आपोआप बंद होण्याची वेळ तीस सेकंदांवरून किमान दोन मिनिटे करावी, कारण वाचता वाचता पडदा काळा झाला की माणूस बावचळतो आणि आपलेच काहीतरी चुकले असे समजतो. पहिल्या पडद्यावर आपल्याला लागणारी पाच-सहा चित्रेच ठेवून बाकीची हलवून टाकावीत.

बोटांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण शेतकऱ्यांची निम्मी चिडचिड इथली असते. कापूस वेचून आणि विळा धरून बोटांची कातडी जाड व कोरडी झालेली असते, आणि फोनचा काचेचा पडदा बोटाचा जोर नव्हे तर त्वचेतून होणारा सूक्ष्म विद्युत परिणाम ओळखतो. म्हणून पडदा दाद देत नाही असे वाटले की माणूस आणखी जोराने दाबतो, आणि तरीही काही होत नाही. उलट बोट जास्त वेळ टेकून राहिल्यामुळे फोनला ‘दाबून धरले’ असे वाटते आणि तो भलताच पर्याय पुढे करतो. बोट धुऊन किंचित ओलसर ठेवावे, टोकाऐवजी पेराचा मऊ भाग वापरावा, टेकवून लगेच उचलावे, आणि पडद्यावर जाड स्वस्त काच चिकटवलेली असेल तर ती काढून पातळ लावून घ्यावी. काही फोनमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सोयही असते.

याच कारणाने अंगठ्याच्या यंत्रावर ठसा उमटत नाही. रेषा झिजल्या असतील तर पुन्हा पुन्हा अंगठा दाबत बसण्यापेक्षा ओटीपीचा (मोबाइलवर येणाऱ्या एकवेळच्या अंकांचा) किंवा चेहऱ्याचा पर्याय मागावा. पण ओटीपीसाठी एक पूर्वअट आहे आणि बहुतेकांचे घोडे तिथेच अडते: आधारला आणि बँकेला जोडलेला मोबाइल क्रमांक आपल्याच खिशातल्या फोनचा असला पाहिजे. पुष्कळ घरांत तो क्रमांक बाहेरगावच्या मुलाचा असतो, किंवा कधीच बंद पडलेल्या सिमचा असतो. बाकी काही शिकण्याआधी ही चौकशी करा, आणि क्रमांक चुकीचा असेल तर आधार केंद्रावर आणि बँकेच्या शाखेत जाऊन तो बदलून घ्या. आधारविषयी शंका असल्यास १९४७ हा मदत क्रमांक आहे.

शिकण्याची रीत

शिकताना फोन शिकणाऱ्याच्या हातात आणि शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे असावेत. ट्रॅक्टर शिकवणारा शेजारी बसून स्टिअरिंग स्वतःच धरू लागला तर शिकणाऱ्याला शेवटपर्यंत फक्त बांध दिसत राहतो, तसेच इथे होते. ‘आबा, द्या इकडे, मी करतो’ म्हणून फोन ओढून घेणाऱ्या नातवाने काम होते, पण आबा होते तिथेच राहतात. ‘सोपं तर आहे’ हे वाक्यही त्याने गिळावे. समोरच्याला न जमलेली गोष्ट सोपी आहे असे सांगितल्याने ती सोपी होत नाही, फक्त विचारण्याची लाज वाटू लागते.

एक वही करा. प्रत्येक कामाला एक पान द्या आणि आपण काय दाबले ते आपल्याच शब्दांत, आपल्याच हाताने लिहा. चित्र कुठे आहे यापेक्षा त्यावर कोणता शब्द आहे ते लिहिणे चांगले, कारण ॲप सुधारले की चित्रांच्या जागा बदलतात, शब्द बहुधा टिकतात. लिहिता येत नसेल तर चित्र काढा. आमच्याकडच्या एका नानींच्या वहीत स्कॅन करण्याचे चिन्ह हुबेहूब चौकटीच्या रांगोळीसारखे काढलेले आहे आणि त्या कधी चुकत नाहीत. तेच काम त्याच दिवशी लागोपाठ काही वेळा करावे आणि दुसऱ्या दिवशी वही उघडून एकट्याने करावे. दुसऱ्या दिवशी अडकणे हे ठरलेले आहे. तिथे जे अडते तेच वहीत लिहायचे राहिलेले असते. पिन मात्र वहीत लिहू नये.

पैसे देणे आणि घेणे

यूपीआय ही व्यवस्था भारतात २०१६ पासून आहे आणि आज भाजीबाजारातल्या भरिताच्या वांग्यांच्या पाटीवरही तिचा स्कॅन करायचा चौकोन टेकवलेला दिसतो. सुरू करण्याआधी माझा आग्रह असा की, कापसाचे किंवा केळीचे एकरकमी पैसे ज्या खात्यात जमा होतात ते खाते फोनला जोडूच नये. वेगळे बचत खाते उघडून त्यात हजार-दोन हजार ठेवावेत आणि तेवढेच जोडावे. यामुळे नुकसानीची कमाल मर्यादा आपणच ठरवतो, आणि मनावरचे दडपण उतरल्यावर माणूस निम्मा शिकलेला असतो.

जोडणी करताना ॲप आपल्या फोनमधून बँकेकडे एक एसएमएस पाठवते, म्हणून सिममध्ये एसएमएसची सोय चालू हवी, आणि फोनमध्ये दोन सिम असल्यास बँकेत नोंदवलेले सिम निवडावे. पुढे डेबिट कार्डवरचे शेवटचे सहा अंक आणि त्याची मुदत, किंवा आधारचा ओटीपी वापरून चार अथवा सहा अंकी पिन ठरवता येतो. जन्मसाल आणि गाडीचा क्रमांक पिन म्हणून घेऊ नये, कारण ते सगळ्या गावाला माहीत असते.

पहिला व्यवहार घरातच, समोर बसलेल्या सुनेला किंवा मुलाला एक रुपया पाठवून करावा. त्यांच्या फोनवर रुपया पोहोचल्याचे आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावर जो विश्वास येतो तो सांगून येत नाही. नंतर ओळखीच्या दुकानात जावे. स्कॅनचे चिन्ह दाबावे, कॅमेरा चौकोनावर धरावा, आणि पडद्यावर जे नाव येईल ते मोठ्याने वाचून दुकानदाराला विचारावे. पाटीवर दुकानाचे नाव आणि पडद्यावर त्याच्या बायकोचे नाव असे पुष्कळदा असते, त्यात वावगे काही नाही, पण ‘हो, तेच’ असे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग रक्कम टाकावी, टाकलेली रक्कम पुन्हा वाचावी, कारण दीडशेचे पंधराशे एका जादा शून्याने होतात, आणि मगच पिन टाकावा. मागे रांग लागली असली तरी हे वाचन सोडू नये. रांगेतल्या लोकांना थांबता येते.

कधी चक्र फिरत राहते आणि ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे दिसते. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत, नाहीतर दोन्ही रकमा जातात. आपल्या खात्यातून रक्कम कापली गेली आणि समोरच्याला मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यक्तीला पाठवलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेली रक्कम पाच दिवसांपर्यंत आपोआप परत यावी लागते, आणि त्यापुढे उशीर झाल्यास बँकेने दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. हा नियम पाठ असलेला माणूस बँकेत जरा वेगळ्या आवाजात बोलतो.

पिन कधी लागतो, हे या सगळ्यातले सर्वांत महत्त्वाचे ज्ञान आहे. पैसे पाठवताना पिन लागतो आणि स्वतःची बाकी पाहताना लागतो. पैसे घेताना कधीही लागत नाही. ‘तुमच्या खात्यात पैसे जमा करतो, फक्त हे स्कॅन करा आणि पिन टाका’ असे म्हणणारा माणूस पैसे काढून घेतो आहे, मग तो फोनवर कितीही गोड ‘काका’ म्हणो. दुकानदारांनी याची दुसरी बाजू लक्षात ठेवावी: गिऱ्हाइकाने दाखवलेला हिरवी खूण असलेला पडदा हा पुरावा नव्हे, तसे खोटे पडदे दाखवणारी ॲप असतात. आपल्या दुकानातला, पैसे आल्याचे मोठ्याने सांगणारा डबा बोलला किंवा आपल्या खात्यात रक्कम दिसली, तरच पैसे आले.

स्मार्टफोन नकोच असेल त्यांनीही निराश होऊ नये. बँकेला जोडलेल्या क्रमांकावरून *९९# लावून साध्या बटणांच्या फोनवर बाकी पाहता येते आणि पैसे पाठवता येतात, आणि २०२२ पासून साध्या फोनसाठी ‘१२३ पे’ ही सोयही आहे.

शेतात उभे राहून पीक पाहणी

ई-पीक पाहणी महाराष्ट्रभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली आणि तेव्हापासून आपल्या शेतातल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करायची असते. ही नोंद सातबाऱ्यावर येते, आणि पीक विमा, हमीभावाची खरेदी, नुकसानभरपाई यांत तीच पाहिली जाते, म्हणून ती दुसऱ्याच्या अंदाजावर सोडण्यात तोटा आहे. शेतकऱ्याच्या पातळीवरील मुदत हंगामागणिक जाहीर होते. शेवटच्या दिवसांत सगळे एकदम उघडतात आणि ॲप रडते, म्हणून पीक नीट दिसू लागले की काम उरकावे.

घरी बसून आधी तयारी करा: गट क्रमांक, पेरणीची तारीख, सिंचनाचे साधन आणि प्रत्येक पिकाखालचे क्षेत्र कागदावर लिहून घ्या. कापसात मूग किंवा तूर घेतली असेल तर मिश्र पीक निवडावे लागते, आणि विहीर, बांध, नाला यांखालची पोटखराब जमीन वेगळी धरावी लागते. मग शेतात जाऊन, फोनचे लोकेशन चालू करून, माहिती भरून पिकाचा फोटो काढायचा. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगराळ भागात रेंज नसते, तिथे माहिती भरून ठेवावी आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करावी. उन्हाळी पिकाची नोंद करायची असेल तर सकाळी लवकर जावे; पारा ४५ अंशांकडे गेला की फोन तापतो, पडदा आपोआप मंद होतो, कॅमेरा बंद पडतो, आणि तो फोनचा बिघाड नसतो. सावलीत ठेवला की थोड्या वेळाने फोन ताळ्यावर येतो. चुकीचे पीक नोंदले गेलेच, तर ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्ती करता येते, तेव्हा घरी येऊन शांतपणे पुन्हा वाचावे.

किसान सन्मानची ई-केवायसी, म्हणजे आपली ओळख पटवण्याचे काम, त्या मानाने छोटी आहे: अधिकृत संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकून ओटीपी द्यायचा, किंवा ॲपवर चेहरा दाखवायचा. तसेच सातबारा नुसता पाहायला पैसे लागत नाहीत, आणि डिजिटल सहीचा, सगळीकडे चालणारा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. सेवा केंद्रावर जाण्यात कमीपणा काही नाही, पण मूळ शुल्क माहीत असावे आणि काम होईपर्यंत पडद्याकडे पाहत तिथेच थांबावे.

हयातीचा दाखला

भुसावळला रेल्वेचे आणि वरणगावला आयुध निर्माणीचे निवृत्त लोक पुष्कळ आहेत आणि नोव्हेंबर आला की बँकांपुढे त्यांची रांग लागत असे. ‘जीवन प्रमाण’ २०१४ मध्ये सुरू झाले आणि २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. त्यासाठी जीवन प्रमाण आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप लागतात, तसेच आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक (पेन्शनच्या आदेशावरचा क्रमांक) आणि पेन्शनचे खाते. खिडकीकडे तोंड करून बसावे, चष्मा काढावा, आणि सांगितल्यावर डोळ्यांची उघडझाप करावी. वर्षातून एकदाच लागणारे काम असल्याने हे शिकण्याचा अट्टहास करू नये. वहीत एक पान ठेवावे आणि त्या दिवशी कोणाला तरी शेजारी बसवावे.

घाई करणाऱ्याचा फोन

वीज आज रात्री तोडणार, किसानचा हप्ता अडकला, तुमच्या नावावर पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, मुलाला पोलिसांनी धरले: कथा वेगळ्या, पण प्रत्येकीत ‘आत्ताच्या आत्ता’ असते. व्हिडिओ कॉलवर गणवेशात बसून ‘डिजिटल अटक’ करणारे लोक ठग असतात, कायद्यात अशी अटकच नाही. व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका किंवा किसान योजनेची फाइल नावाच्या शेवटी ‘एपीके’ दाखवत असेल तर ती पत्रिका नसून फोनमध्ये शिरणारे ॲप असते; ओळखीच्या क्रमांकावरून आली तरी उघडू नये, कारण त्याचाही फोन आधीच फसलेला असू शकतो. एनीडेस्कसारखे, आपला पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप कोणी घ्यायला सांगितले तर नकार द्यावा. बोलणे अर्ध्यावर तोडणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजतात आणि जुन्या वळणाची माणसे त्यामुळेच अडकतात. इथे निःसंकोच फोन ठेवून द्यावा आणि घरातल्या एका ठरलेल्या माणसाला लावावा.

पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० हा ऑनलाइन फसवणुकीचा मदत क्रमांक लावावा आणि बँकेलाही कळवावे. पैसे ठगाच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तिथेच गोठवणे हा या क्रमांकाचा हेतू आहे, म्हणून ‘मुलगा संध्याकाळी आला की सांगू’ म्हणून थांबू नये. लाजेपायी लपवणाऱ्या माणसाचे पैसे मिळण्याची शक्यता तासागणिक कमी होते. घरच्यांनीही त्या क्षणी बोल लावू नयेत, आधी क्रमांक लावून द्यावा.

एक काम राहिले, ते आजच करून टाका. फोनवर *#०६# दाबले की पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनची ओळख, दिसतो. दोन सिमच्या फोनवर असे दोन दिसतात. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि खाली सिम कंपनीचा व बँकेचा मदत क्रमांक लिहा. आठवडे बाजारात किंवा एसटीत फोन गेला, तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी सिम बंद करायचे, मग बँकेला सांगून यूपीआय थांबवायचे, पोलिसांत तक्रार द्यायची, आणि सरकारच्या ‘संचार साथी’ च्या संकेतस्थळावर हाच पंधरा अंकी क्रमांक टाकून तो फोन बंद पाडायचा. वही घरात ठेवा, फोनच्या पिशवीत नको.